पेन्सिलची फुली

गोठिवलीत, आमच्या गच्चीवर,
टाकीच्या सावलीला, बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या पोटात
कोंबडी खुडूक बसली.
शिमगा होऊन आठवडा झाला असेल.

हात नेला तर फुगून दुप्पट झाली,
घशातून घरघरली, मनगटावर चोच मारली.
मी रबाळ्याला लिफ्ट दुरुस्त करतो,
झटके सवयीचे आहेत.
हा तसा नव्हता.

उपाय सगळ्यांनाच ठाऊक होते.
बादलीत बुडव, शेजारचा हरेश म्हणाला,
नाहीतर नाकातून पीस ओव,
दोन दिवस टोपलीखाली कोंड,
उतरेल खूळ, येईल परत अंड्यावर.
आणि पिल्लंच हवी असतील तर
मशीन मिळतं हल्ली, छप्पन अंड्यांचं, आत पंखा असलेलं.

पदीआत्या भाकरीचं पीठ मळता मळता एवढंच म्हणाली,
"बसू दे तिला. तुजा काय जातंय?"

काय जातंय याचा मी हिशोब केला.
महिन्या-दोन महिन्यांची अंडी,
आणि नाइटवरून आल्यावरचा ऑम्लेट-पाव.

मग सगळं आत्यानेच केलं.
नऊ अंडी, कारण विषम हवीत.
खाली तूस. कोपऱ्यात लोखंडी खिळा,
आभाळ गडगडलं तर आतला जीव दचकू नये म्हणून.
मी हसलो. पण खिळा माझ्याच पेटीतला दिला,
गंजका नको म्हणून नवा.
आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने फुली मारली,
मध्येच कुणी नवं घालून गेलं तर कळावं.

दुसऱ्या सकाळी फुल्या वर होत्या, संध्याकाळी नव्हत्या.
तिसऱ्या दिवशी पाच वर, चार खाली.
रात्री दोनला घरी येऊन टॉर्च मारला,
तर ती चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढत होती,
कडेचं मध्ये, मधलं कडेला.
उगाच वाटलं, कुणाच्या तरी खोलीत
न विचारता शिरलोय. टॉर्च विझवला.

दिवसातून एकदाच उठायची.
दाणे, पाणी, एक भलीमोठी घाण शीट,
कुंडीतल्या कोरड्या मातीत जरा लोळणं.
मी घड्याळ लावून बघायचो.
अकरावं मिनिट लागलं की माझाच जीव खालीवर.
मग यायची, अंड्यांमध्ये पाऊल ठेवायला जागा शोधत,
जसा मी येतो रात्री
झोपलेल्या माणसांमधून माझ्या अंथरुणापर्यंत.

पोटाखालची पिसं तिने उपटून काढली होती.
नुसतं कातडं. ताप आल्यासारखं गरम.

बाराव्या दिवशी समोरची बिल्डिंग पाडायला घेतली.
दिवसभर ब्रेकर. मशीनचा पत्रा थरथरायचा.
आत्या म्हणाली, खिला हाय ना.
सोळाव्या रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला,
अख्खी आळी पुठ्ठ्यांनी वारा घेत गच्च्यांवर आली.
मला छप्पन अंड्यांचं ते मशीन आठवलं.
हिला लाइट गेल्याचं कळलंच नाही.

विसाव्या दिवशी ती बोलायला लागली.
ओरडणं नव्हे, गळ्यातल्या गळ्यात काहीतरी,
आणि कान नेला तर खालून कुणीतरी
कवचाच्या आतूनच उत्तर देत होतं.

सात निघाली.
सातवं अर्धा दिवस धापा टाकत अडकून पडलेलं.
नखाने थोडं सोडवू का, म्हणून मी दोनदा वाकलो.
दोनदा मनगटावर चोच.

मग सातांना घेऊन ती उतरली, मागे न बघता.
उरलेली दोन मी टॉर्चवर धरली.
एक आरपार पिवळं, त्यात कधी काही नव्हतंच.
दुसऱ्यात सावली, न हलणारी.
त्याची फुली सगळ्यांत पुसट झाली होती,
म्हणजे सगळ्यांत जास्त फिरवलेलं तेच.

हे आत्याला सांगितलं नाही.
कढीपत्त्याच्या कुंडीत खोल पुरलं,
खिळा पुसून पेटीत टाकला,
आणि वर घार फिरत होती, म्हणून
जुनं मासळीचं जाळं गच्चीवर बांधायला घेतलं.